लाकूड चांद्याचे, नाव कोणाचे?

२०२३ सालच्या मार्च महिन्याच्या २९ तारखेस बल्लारपूर-चंद्रपूर येथून सागवानी लाकडाची एक मिरवणूक निघाली. अयोध्येतील राममंदिराच्या कामासाठी चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यातील उत्तम साग निवडण्यात आला होता व तो वाजतगाजत रवाना करण्यात आला. पुढे दोन महिन्यांनी, २८ मे रोजी, दिल्लीच्या नव्या संसदभवनाचे उद्घाटन झाले. त्या वास्तूतही महाराष्ट्राचे सागवान आहे. सरकारी वर्णनात ते 'नागपूरचे सागवान' म्हणून नोंदले गेले. लाकडाच्या पेठेत तर ह्या मुलखाच्या सागाला 'सी. पी. टीक' असेच म्हणण्याची रीत आहे. सी. पी. म्हणजे मध्यप्रांत, तो प्रांत त्या नावाने १९५० सालीच संपला. जो प्रांत नकाशावर उरला नाही त्याचे नाव ह्या लाकडाला आहे, आणि जे शहर त्या अरण्यापासून कोसच्या कोस दूर आहे त्याचेही आहे. ज्या अरण्यात ते वाढले त्याचे नाव मात्र क्वचितच कोणाच्या तोंडी येते.

लाकूड परमुलखी गेले ह्याबद्दल आमची मुळीच तक्रार नाही. उत्तम लाकूड उत्तम वास्तूला लागावे हे योग्यच होय. राममंदिराची सागवानी दारे हैदराबादच्या एका काष्ठव्यवसायी संस्थेच्या देखरेखीखाली तामिळनाडूतील कारागिरांनी घडविली. दक्षिणेत मंदिराची दारे व रथ कोरण्याची परंपरा जिवंत आहे. ते काम त्यांच्याकडे गेले ह्यात वावगे काय? आमचा प्रश्न निराळा आहे. त्या मिरवणुकीच्या दिवसांत वृत्तपत्रांतून व व्यासपीठांवरून सागाच्या रंगाचे, त्याच्या रेषांचे व टिकाऊपणाचे पोवाडे गायिले गेले. पण जेथे हा साग वाढला तेथे लाकूड कोरणारी माणसेही राहतात काय, ती काय कोरतात, आणि त्यांची नावे काय, असा प्रश्न आमच्या सुशिक्षित वर्गापैकी कोणी विचारल्याचे आमच्या वाचनात आले नाही. लाकडाची घनफुटात मोजदाद झाली. हातांची गणती झाली नाही. ही केवळ विस्मृती नसून कलेविषयीच्या एका खोल गैरसमजाचे ते फळ आहे, आणि तो गैरसमज दूर झाल्यावाचून ह्या मुलखातील काष्ठशिल्प वाचणार नाही, असे आम्हांस वाटते. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम तो मुलूख वाचकांनी डोळ्यांपुढे आणावा. जुन्या चांदा जिल्ह्याचे २६ ऑगस्ट १९८२ रोजी विभाजन होऊन चंद्रपूर व गडचिरोली असे दोन जिल्हे झाले. पश्चिमेकडून वर्धा व उत्तरेकडून वैनगंगा येऊन मिळतात, त्यांची प्राणहिता होते, आणि ती सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते. पूर्वेकडे इंद्रावती आहे. तिच्या पलीकडे बस्तर. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम व इंद्रावती ह्या तीन नद्यांचा संगम आहे, आणि पावसाळ्यात ह्या नद्या फुगल्या म्हणजे तो गाव जगापासून तुटतो. आलापल्लीजवळ सुमारे सहा हेक्टरांचा एक वनखंड जुन्या अरण्याचा नमुना म्हणून न तोडता राखलेला आहे. त्याला 'वनवैभव' म्हणतात, आणि २०१४ साली तो महाराष्ट्रातील पहिले जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर झाला. तेथील सागाचे बुंधे पाहिले म्हणजे मंदिराला हे लाकूड का हवेसे वाटले, ते निराळे सांगावे लागत नाही.

ह्या अरण्यात गोंड व माडिया लोक राहतात. माडिया गोंड ही केंद्र सरकारने विशेष दुर्बल ठरविलेल्या महाराष्ट्रातील तीन जमातींपैकी एक. दुसऱ्या दोन कातकरी व कोलाम. भामरागड-एटापल्लीच्या बाजूस मृतांच्या स्मरणार्थ गावाबाहेर उभे केलेले दगड व लाकडी खांब दिसतात. हीच रीत इंद्रावतीपलीकडे बस्तरात फार मोठ्या प्रमाणावर आहे. ग्रिग्सनसाहेबांनी १९३८ साली बस्तरच्या मारिया गोंडांवर ग्रंथ लिहिला. व्हेरियर एल्विन यांनी १९५१ साली मध्य भारताच्या आदिवासी कलेवर लिहिलेल्या ग्रंथात असे कोरीव स्तंभ, फण्या, मुखवटे व तंबाखूच्या डब्या चित्रांसह नोंदविल्या. खांबावर पक्षी असतो, मासा असतो, ढोल वाजविणारे व नाचणारे असतात, शिकारी आणि त्याची शिकार असते. आमच्या मेळघाटातील कोरकू लोकांचे 'मुंडे' ह्याच कुळातले: सागाच्या फळीवर सूर्य, चंद्र आणि घोडेस्वार. शिवाय आंगादेव आहे. लाकडाचे सोट वेलींनी एकत्र बांधून केलेला हा देव माणसांच्या खांद्यावर चालतो. मधला सोट म्हणजे मुख्य देव, त्याचे टोक फण्यासारखे घडविलेले. देवाला देवळाच्या दाराची गरज पडत नाही अशी ही एक निराळीच कल्पना, आणि तीही लाकडातच साकार झालेली!

आता आमच्या वर्गाला ह्या शिल्पाची ओळख कशी असते ते पाहा. ताडोब्याला वाघ पाहावयास जावे, येताना लाकडाचा एक वाघ घेऊन यावा, आणि दिवाणखान्यात दूरदर्शन-संचाशेजारी तो ठेवून 'आदिवासी कला' म्हणून पाहुण्यांस दाखवावा. विकणाऱ्याला गिऱ्हाइकाची आवड कळते. तो वाघ करतो, हरिण करतो, गुळगुळीत करून त्यावर तकाकी चढवितो. त्याने पोट भरावे ह्यात कोणास हरकत असणार? परंतु 'मातृभूमीच्या निसर्गापासून स्फूर्ती घेतलेले शिल्प' म्हणजे त्या निसर्गातील प्राण्यांची लाकडी चित्रे, ही जी समजूत ह्या खरेदीमागे असते ती साफ चुकीची आहे. निसर्ग शिल्पात विषय म्हणून शिरतो त्याहून कितीतरी अधिक पद्धतीने शिरतो. कोणते झाड घ्यावे, कोणते कधीच तोडू नये, ओले असताना किती काम उरकावे, गाठ आली तर ती छाटावी की तिचाच डोळा करावा, खांबाचा कोणता भाग मातीत गाडला जाईल आणि कोणता पावसात उभा राहील, ह्या सगळ्या निर्णयांत भूमी बोलत असते. कुऱ्हाड, वाकस व पटाशी एवढ्याच हत्यारांनी काम करणारा मनुष्य लाकडाशी भांडू शकत नाही. त्याला लाकडाचे ऐकावेच लागते. माडिया खांबावरील मासा आमच्या दृष्टीने नक्षी असेल. ज्याचा मृत आप्त आयुष्यभर पर्लकोटेत जाळे टाकीत आला त्याच्या दृष्टीने ते चरित्र आहे. खांबावर वाघ आहे की नाही ह्यावरून ते शिल्प त्या भूमीचे की नाही हे ठरवू पाहणे म्हणजे अभंगात विठ्ठलाचे नाव किती वेळा आले ते मोजून भक्तीची प्रत ठरविण्यासारखे होय.

ह्यावर आमचे विद्वान मित्र पहिला आक्षेप घेतात तो असा की, हे सारे खरे असले तरी ही कारागिरी आहे, कला नव्हे; कलेत व्यक्तीची प्रतिभा लागते, येथे रूढीचे अनुकरण आहे. हा आक्षेप पाश्चात्य कलाशास्त्राच्या आधारे घेतला जातो, म्हणून पाश्चात्यांचेच उदाहरण घेऊ. आधुनिक शिल्पकलेचा एक जनक कॉन्स्टंटिन ब्रांकूशी हा रुमानियातील होबित्सा नावाच्या खेड्यात १८७६ साली जन्मला. त्या प्रांतातील खेडुतांच्या घरांच्या पडवीला कोरीव लाकडी खांब असतात. ब्रांकूशी १९०४ साली पॅरिसला पोहोचला, आणि १९१८ साली त्याने ओक लाकडाचा एक स्तंभ केला: एकावर एक तेच कोन, तीच खाच, पुनःपुन्हा. १९३८ साली त्याच कल्पनेचा ओतीव लोखंडाचा 'अनंत स्तंभ' त्याने आपल्या जन्मप्रांतातील तिर्गू झ्यू ह्या गावी उभा केला. तो पहिल्या महायुद्धात पडलेल्यांचे स्मारक आहे. मृतांच्या स्मरणार्थ, जन्मभूमीच्या लाकडी खांबावरून सुचलेला, एकच आकृती पुन्हा पुन्हा उच्चारणारा स्तंभ! जगातील कलापंडित त्यापुढे नतमस्तक होतात, आणि त्या खेड्यातील खांबांचा उल्लेख त्याच्या प्रतिभेचा उगम म्हणून गौरवाने करतात. मग भामरागडच्या वाटेवर मृताच्या स्मरणार्थ उभा असलेला, त्याच भूमीच्या लाकडाचा खांब दिसला की 'रूढीचे अनुकरण' हे शब्द आमच्या तोंडी कोठून येतात? पुनरावृत्ती पॅरिसमार्गे आली म्हणजे दर्शन, आणि एटापल्लीहून आली म्हणजे अनुकरण, असा काही नियम सौंदर्यशास्त्रात असल्यास तो आम्हांस अजून कोणी शिकविलेला नाही.

आम्ही असे मुळीच म्हणत नाही की प्रत्येक खांब ब्रांकूशीच्या तोडीचा असतो. प्रत्येक कविता तरी कोठे श्रेष्ठ असते? आमचे म्हणणे एवढेच की, बरेवाईट ठरविण्याआधी पाहावे लागते, आणि पाहण्याआधी ही वस्तू पाहण्याजोगी आहे हे मान्य करावे लागते. मराठी मासिकांत दर महिन्यास कादंबऱ्यांचे व काव्यसंग्रहांचे परीक्षण येते. साधारण लेखकासही त्याच्या साधारणपणाबद्दल दोन पाने मिळतात. दोन काष्ठस्तंभ शेजारी ठेवून ह्यातला हा का सरस, ह्याची चर्चा करणारे किती लेख आमच्या वाचकांस आठवतात? ज्या कलेची परीक्षा होत नाही तिच्यात बऱ्याचा मान राहत नाही आणि वाइटाची लाज राहत नाही. तिच्यावर केवळ दया होते, आणि दयेने कला वाढल्याचे उदाहरण कोठे सापडणार?

दुसरा आक्षेप अधिक सोज्ज्वळ आहे, म्हणून अधिक घातकही. ते म्हणतात, 'ही समूहाची कला आहे. तेथे कर्ता स्वतःचे नाव लावीतच नाही. आपण त्यावर व्यक्तीचे नाव चिकटविणे म्हणजे आपला अहंकार त्यांच्यावर लादणे होय. आपले प्राचीन शिल्पीही असेच अनामिक होते.' ऐकावयास हे फार उदात्त वाटते. पण प्राचीन शिल्पी अनामिक होते हे तरी सर्वत्र खरे आहे काय? बाराव्या-तेराव्या शतकांतील होयसळ शिल्पींनी आपली नावे मूर्तींखाली कोरून ठेवली. दासोज व मल्लितम्म ही नावे आजही वाचता येतात. खुद्द चंद्रपूर शहरात लालपेठेस उघड्यावर अजस्र पाषाणमूर्ती पडलेल्या आहेत. त्यांतली दहा तोंडांची दुर्गा लोक रावण समजतात. परंपरा सांगते की रायप्पा नावाच्या वाण्याने देवालय बांधण्यासाठी त्या कोरविल्या आणि काम अपुरे राहिले. पैसे देणाऱ्याचे नाव इतक्या शतकांनी लोकांच्या तोंडी आहे. छिन्नी चालविणाऱ्याचे नाही. ही अनामिकता शिल्पीने पत्करलेली वैराग्यवृत्ती होती असे समजणे पैसे देणाऱ्यास सोयीचे आहे, एवढेच फार तर म्हणता येईल.

आणि गावात तो अनामिक असतो तरी कोठे? नायजेरियातील योरुबा लोकांत ओलोवे नावाचा एक काष्ठशिल्पी होऊन गेला. त्याने इकेरे येथील राजाच्या वाड्यासाठी कोरलेले दार १९२४ साली लंडनजवळ वेंब्ली येथे ब्रिटिश साम्राज्याच्या प्रदर्शनात मांडण्यात आले. ब्रिटिश म्यूझियमला ते इतके आवडले की राजाला विलायती बनावटीचे सिंहासन देऊन त्यांनी ते मिळविले. कोणी कोरले, ह्याची चौकशी तेव्हा साहेबांना करावीशी वाटली नाही. पुढे अभ्यासक त्या मुलखात गेले आणि त्यांनी साधा प्रश्न विचारला, तेव्हा उत्तर तयारच होते. ओलोवेचे नाव तेथे सर्वश्रुत होते. १९३८ साली तो वारला, आणि त्याच्या पत्नीच्या मुखी असलेले त्याचे स्तुतिगीत थेट १९८८ साली टिपून घेता आले. आज त्याची गणना आफ्रिकेच्या श्रेष्ठ शिल्पकारांत होते. अनामिकता लाकडात नव्हती, समूहातही नव्हती. ती नोंदवही धरणाऱ्याच्या आळसात होती.

महाराष्ट्रात आम्हांस हा धडा मिळालेला नाही असेही नाही. वारली चित्रे शतकानुशतके घराच्या भिंतींवर निघत होती. १९७० नंतरच्या काळात भास्कर कुलकर्णी डहाणूच्या बाजूस गेले, त्यांनी कागद दिला, आणि जिव्या सोमा मशे हे नाव जगास कळले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ह्यामुळे वारल्यांची कला समूहाची राहिली नाही काय? उलट त्या एका नावाच्या मागून कितीतरी तरुण वारली चित्रकार आपापल्या नावाने पुढे आले. भोपाळच्या भारतभवनात १९८२ साली जगदीश स्वामीनाथन यांनी पाटणगढच्या जनगढसिंह श्याम ह्या तरुण परधान गोंडास नावानिशी स्थान दिले. १९८९ साली त्याची चित्रे पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात गेली, आणि आज त्याच्या मागून आलेल्या चित्रकारांच्या शैलीस 'जनगढ कलम' म्हणतात. व्यक्तीचे नाव घेतल्याने परंपरा तुटते असे सांगणाऱ्यांनी ह्या दोन उदाहरणांचा जबाब द्यावा.

इंद्रावतीच्या पलीकडे पाहा. गडचिरोलीच्या सीमेस लागून असलेल्या कांकेर जिल्ह्यातील अजयकुमार मंडावी यांना २०२३ साली काष्ठकलेसाठी पद्मश्री मिळाली. तुरुंगातील बंद्यांच्या हाती बंदुकीऐवजी पटाशी देण्याचे काम त्यांनी केले आहे. सीमेलगतच्याच नारायणपूरचे पंडीराम मंडावी यांना २०२५ साली तोच सन्मान मिळाला. ते बांबूची व लाकडाची वाद्ये घडवितात आणि लाकूड कोरतात. ह्याच २०२३ साली गडचिरोलीच्याही वाट्यास पद्मश्री आली; ती झाडीपट्टी रंगभूमीचे नट परशुराम खुणे यांना, आणि ती सर्वस्वी योग्य होती. रंगभूमीवरील नट आम्हांस दिसतो, कारण तो मराठीत बोलतो. काष्ठशिल्पी माडियात किंवा गोंडीत बोलतो आणि उरलेले लाकडात. म्हणून तो आम्हांस दिसत नाही. नदी एक, लोक एक, अरण्य एक. एका तीरावरच्या शिल्पीला नाव आहे. आमच्या तीरावरच्या एका तरी काष्ठशिल्पीचे नाव किती वाचकांस सांगता येईल, हे त्यांनी स्वतःच्या मनाशी पडताळून पाहावे.

एवढ्यावर कोणी म्हणेल, ठीक आहे, नावे लिहू, सत्कार करू, शाल-श्रीफळ देऊ. आम्हांस ह्या शालींचे भय वाटते. कारण शिल्पीस शालीपेक्षा अगोदर लाकूड लागते, आणि येथेच सगळ्या प्रकरणातील खरी मेख आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने अरण्यवासी समाजास गौण वनोपजावर मालकी दिली. त्यात बांबू आहे, तेंदूपाने आहेत, मध, मेण, लाख आहे; झाडांची खुंटेदेखील आहेत. इमारती लाकूड मात्र नाही. त्याच कायद्यात समाजाच्या पारंपरिक ज्ञानावर त्याचा सामूहिक बौद्धिक हक्क मान्य केलेला आहे. ह्या दोन कलमांस एकत्र वाचून पाहा: खांब कसा कोरावा ह्या ज्ञानाचा हक्क तुला आहे, खांबासाठी लागणाऱ्या खोडाचा नाही! सुतार आहे, हत्यार आहे, विद्या आहे. पण शंभर पावलांवर उभ्या असलेल्या झाडास हात लावला तर गुन्हा. तेच झाड खात्याने तोडून आगारात नेले, लिलावात विकले, आणि मिरवणुकीने पाठविले म्हणजे तो अभिमानाचा विषय.

'पण लाकूड मोकळे केले तर अरण्य राहील काय?' हा तिसरा आक्षेप, आणि तो प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तरही नीट दिले पाहिजे. अरण्य राखावे ह्याविषयी दुमत नाही. परंतु ज्यांच्यामुळे ते संपेल असे भय वाटते त्यांचा हिशेब तरी मांडावा. एका स्मृतिस्तंभास एक खोड लागते, आणि तेही वाळलेले किंवा वादळात पडलेले चालण्याजोगे असते. दुसरीकडे, १९४५ साली स्थापन झालेल्या बल्लारपूरच्या कागदगिरणीस ह्याच अरण्याचा बांबू वर्षानुवर्षे मिळत आला, आणि त्या कागदावर आमच्या वर्गाने पुष्कळ निबंध लिहिले. त्यांत अरण्यरक्षणावरचेही असतील. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) ह्या गावाने सुमारे १८०० हेक्टर अरण्यावर सामूहिक हक्क मिळविला, आणि २७ एप्रिल २०११ रोजी त्या ग्रामसभेच्या हाती बांबूच्या वाहतुकीचे परवाने आले. तेव्हाही हीच शंका घेतली गेली होती. पण जी ग्रामसभा स्वतः नियम करते ती अरण्य राखते, हे त्या गावाने दाखवून दिले. आज गडचिरोली जिल्ह्यात हजाराहून अधिक गावांस असे सामूहिक हक्क आहेत. ज्या ग्रामसभेवर हजारो बांबूंचा भरवसा टाकता येतो, तिच्यावर वर्षाकाठी काही वाळक्या व पडलेल्या खोडांचा भरवसा टाकता येऊ नये, हे कोणते तर्कशास्त्र?

आणि ज्या निसर्गाने शिल्पीस स्फूर्ती द्यावयाची तो तरी जागेवर राहतो आहे काय? एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेवाचे ठाणे आहे. दर जानेवारीत तेथे जत्रा भरते, आसपासच्या गावांचे देव तेथे जातात. त्याच डोंगरात लोहखनिज आहे, आणि सुमारे ३४८ हेक्टरांचा खाणपट्टा २००७ साली दिला गेला. खनिज निघू लागले तसा त्या मुलखास रोजगार मिळाला हे खरे; रस्ते आले, ट्रक आले. आम्ही उद्योगाचे शत्रू नाही. पण डोंगर हा केवळ खनिजाचा साठा असतो असे मानणारा हिशेब आणि लाकूड हा केवळ घनफुटांचा ढीग असतो असे मानणारा हिशेब, हे दोन्ही एकाच वहीत लिहिलेले आहेत. त्या वहीत देवाच्या डोंगराला रकाना नाही आणि खांब कोरणाऱ्यालाही नाही.

ह्या सर्वांत घाई करण्याचे कारण लाकडाच्या स्वभावात आहे. मार्कंड्याच्या देवळांतील पाषाणमूर्ती वैनगंगेच्या काठी शतकानुशतके उभ्या आहेत. त्यांच्याकडे पन्नास वर्षे दुर्लक्ष झाले तरी पुढची पिढी त्यांस पाहू शकते. लाकडाचे तसे नाही. उघड्यावरचा खांब ऊन खातो, पाऊस पितो, वाळवी त्याचे पाय पोखरते, आणि थोड्याच वर्षांत तो मातीस मिळतो. ज्यांनी तो उभारला त्यांना ह्याचे दुःख नसते. कारण पुढच्या मृतासाठी पुढचा खांब कोरला जाणारच, असा त्यांचा विश्वास. ही कला वस्तूत टिकत नाही, हातात टिकते. म्हणून एक पिढी हात थांबले तर संग्रहालयात ठेवावयासदेखील काही उरणार नाही. बस्तरात जुन्या लाकडी व दगडी स्मारकांच्या जागी सिमेंटचे रंगविलेले खांब आलेलेच आहेत. सिमेंट दुकानात मिळते, त्यास वनखात्याचा परवाना लागत नाही. कलेतील हे परिवर्तन काळाच्या ओघाने झाले असे पंडित म्हणतील. त्या ओघाला पाट काढून देण्यात कायद्याचा हातभार किती, हेही त्यांनी पाहावे.

तेव्हा आमचे मागणे काय ते स्पष्ट सांगतो. पहिले: सरकारी असो वा खाजगी, ज्या संग्रहालयात, विक्रीकेंद्रात व प्रदर्शनात ह्या मुलखाचे काष्ठशिल्प ठेवले जाईल, तेथे कर्त्याचे नाव, गाव, वर्ष व लाकडाची जात लिहिलीच पाहिजे, 'माडिया गोंड, लाकूड' एवढी चिठ्ठी म्हणजे ग्रंथावर 'मराठी मनुष्य, कागद' असे छापण्यासारखे आहे. दुसरे: सामूहिक हक्क असलेल्या ग्रामसभांस, स्वतःच्या हद्दीतील वाळलेले व पडलेले लाकूड शिल्पासाठी वापरण्याचा आणि केलेले शिल्प बाहेर नेण्याचा परवाना देण्याचा अधिकार असावा. तिसरे: गडचिरोलीस २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे, आणि मुंबईस १८५७ पासून सर जे. जे. कलाशाळा आहे, दोहोंनी ह्या शिल्पींस प्रदर्शनाच्या दिवशी फोटोपुरते न बोलाविता अध्यापक म्हणून, अध्यापकाच्या वेतनावर बोलवावे. पदवीची अट आड येत असेल तर ती अट तपासावी. चौथे मागणे आमच्या समव्यवसायी टीकाकारांकडे आहे. पुढच्या वेळी त्यांनी एखाद्या कवितासंग्रहाऐवजी एक खांब परीक्षणास घ्यावा. तो चांगला आहे की वाईट हे निर्भीडपणे लिहावे, आणि कर्त्याचे नाव शुद्ध लिहावे. वाईट म्हटल्याने त्याचा अपमान होणार नाही. कर्ता म्हणून त्याची दखल घेतली गेली, एवढा अर्थ त्यात येईल.

सागवानाची आणखी एखादी मिरवणूक पुढेमागे निघेलच; हे लाकूड आहेच तसे. त्या दिवशी ओंडक्यांवर फुले जरूर वाहावीत. परंतु त्या गर्दीत कोणी वाचक असेल तर त्याने शेजारच्या अधिकाऱ्यास एवढेच विचारावे की, ह्या अरण्यात लाकूड कोरणारा कोण, तो कोणत्या गावचा, आणि यंदा त्याला किती लाकूड मिळाले. ह्या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या दिवशी तेथल्या तेथे मिळतील त्या दिवशी हा वाद आम्ही आनंदाने आवरता घेऊ.